गळ्याच्या खळगीतली खूण

लोक आपापले अनुभव लिहितात त्या या पानावर मी तीन वर्षं नुसती वाचते आहे. लिहिते आहे ती आज पहिल्यांदा.

माझं काम मोजण्याचं आहे. मी हॉस्पिटलात सोनोग्राफी करते. गाठ किती मिलिमीटरची, रक्तवाहिनी किती खोल, रक्त कुठल्या वेगानं वाहतंय, एवढंच मी लिहिते. जे दिसलं नाही ते दिसलं, असं वीस वर्षांत एकदाही लिहिलेलं नाही.

तेव्हा पुढे जे येतंय त्यात मी एक शब्दही वाढवलेला नाही. एक गोष्ट गाळावीशी मात्र फार वाटली होती.

तीही ठेवली आहे.

मंगळवार होता. दुपारचे पावणेदोन. आमची खोली तळघरात आहे. खिडकी नाही, एकच दार, तपासणीचा पलंग, मशीन आणि भिंतीलगत एक कापडी पडदा. जेवणाच्या सुट्टीआधीची शेवटची पेशंट माझी धाकटी बहीण होती.

तिला घरात सगळे ठकी म्हणतात. आईनं ठेवलेलं नाव. मला असं नाव कधी नव्हतं. चारचौघांत आई मला "आमच्या डॉक्टरीणबाई" म्हणायची. अभिमानानं म्हणायची, मला माहीत आहे. पण अभिमानाचं नाव वेगळं आणि लाडाचं वेगळं.

आई घरी शिवणकाम करायची. माझं सगळं शिक्षण तिच्या कापायच्या टेबलावरून आलं. मी आतल्या खोलीत दार लावून अभ्यास करायची आणि ठकी त्या टेबलाखाली चिंध्यांत बसून आईशी दिवसभर बडबडायची. दाराआडून मला दोघींचं हसू ऐकू यायचं. पुढे टेबल, कात्र्या, गिऱ्हाइकं, सगळं ठकीकडे गेलं. आईला जाऊन तेव्हा अकरा महिने झाले होते. झोपेतच गेली. ठकीच्या घरी.

ठकीच्या गळ्याला थायरॉइडची गाठ होती. गुरुवारी सकाळी ऑपरेशन ठरलं होतं.

ती आत आली ती हसतच.

"काय डॉक्टरीणबाई, आज फुकटात बघणार ना?"

"झोप पलंगावर. बडबड कमी कर."

"बघा, बहीण म्हणून काही सवलत नाही." तिनं दुपट्टा काढून खुर्चीवर टाकला.

आणि मला तिचा कुर्ता दिसला.

राखाडी कापड, बारीक पांढरी रेघ. मी ते ओळखलं. आईच्या ट्रंकेत तळाशी घडी करून ठेवलेलं होतं. मी एकदा विचारलं होतं, हे कुणाचं गं? आई म्हणाली होती, "ठेवलंय." एवढंच. मला वाटलं होतं... मला काय वाटलं होतं ते सोडा.

"हे कापड?" मी विचारलं.

"अगं, आईनं कापून ठेवलं होतं. माझ्या मापाचं. ट्रंकेत सापडलं. मी नुसतं शिवलं. छान बसलंय ना?"

"छान बसलंय."

पोटात दुखणं म्हणतात ते नुसतं म्हणण्यापुरतं नसतं. मला खरोखर दुखलं. डाव्या बाजूला, बरगडीखाली.

आता इथे कामातली एक गोष्ट सांगायला हवी.

गळा तपासताना मी पेशंटच्या खांद्यांखाली एक छोटी गोल उशी ठेवते. त्यानं डोकं मागे पडतं आणि मान ताणली जाते. ऑपरेशनच्या टेबलावर मान अशीच ठेवतात, म्हणून मीही तशीच ठेवते. कारण मान मागे गेली की आतलं सगळं थोडं वर सरकतं. छातीतून एक मोठी धमनी निघते, उजव्या हाताला आणि डोक्याच्या उजव्या बाजूला रक्त नेणारी. बहुतेकांत ती छातीच्या हाडामागे राहते. काही थोड्यांत तिची ठेवण वेगळी असते. मान मागे टाकली की ती हाडाच्या वर, गळ्याच्या खळगीत येते. श्वासनलिकेवर आडवी. सपाट झोपलेल्या माणसात ती दिसतही नाही. आणि सर्जनला माहीत नसेल, तर ती सुरीच्या अगदी वाटेत असते.

उशी फळीवर होती. हात लांब केला असता तर मिळाली असती.

मी ती घेतली नाही.

वीस वर्षांत पहिल्यांदा. मला ते लवकर संपवायचं होतं, एवढंच. तो कुर्ता माझ्या डोळ्यांसमोरून जायला हवा होता.

गाठ मोजली. एकतीस मिलिमीटर. दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्या पाहिल्या. नेहमीच्या जागी, नेहमीच्या मापाच्या. शेवटी गळ्याच्या खळगीत प्रोब, म्हणजे मशीनचं हातात धरायचं टोक, टेकवला. मशीनच्या पडद्यावर काही नव्हतं.

मशीनचा आवाज चालूच ठेवला होता. रक्त वाहतं त्याचा आवाज येतो त्यातून, शूं... शूं... असा. खळगीशी आल्यावर तो थांबला होता. ठकीच्या बोटाला चिमटा लावलेला होता. त्यावर नाडीचा आकडा होता, चौऱ्याण्णव. घाबरली होती बिचारी, हसत असली तरी.

मी प्रोब उचलणार, तेवढ्यात...

शूं.

मी थांबले.

सेकंदभर काही नाही.

शूं.

पडद्यावर रक्तवाहिनी नव्हती. प्रोबच्या खाली काहीही हलत नव्हतं. तरी आवाज येत होता. सावकाश, जड, ओळखीचा.

मी घड्याळ पाहून मोजलं. मिनिटाला बावन्न.

बोटावरचा आकडा... चौऱ्याण्णव.

एका माणसाच्या शरीरात दोन नाड्या नसतात.

आईची नाडी संथ होती. शेवटच्या वर्षी दर रविवारी मी ती मोजून लिहून ठेवायची. पन्नास. बावन्न. एक्कावन्न. बावन्न.

"ताई," ठकी डोळे मिटूनच म्हणाली, "मशीन बंद पडलं का गं? मघाचा आवाज येईनासा झाला."

माझ्या कानात तो घुमत होता.

"हो," मी म्हटलं. "झालं. ऊठ."

त्याच क्षणी मी काय करायला हवं होतं ते मला ठाऊक होतं. उशी घ्यायची, मान मागे टाकायची, पुन्हा बघायचं. पाच मिनिटांचं काम.

मी रिपोर्टमध्ये लिहिलं, "गळ्याच्या खळगीत मोठी रक्तवाहिनी दिसली नाही."

शब्दाला शब्द खरं होतं.

दुसऱ्या दिवशी, बुधवारी, सकाळी खोली उघडली तर ती गोल उशी पलंगावर होती.

बरोबर खांद्यांच्या जागी. मधे खोलगट... कुणीतरी आत्ताच उठून गेल्यासारखी.

मी उचलून फळीवर ठेवली. पहिल्या पेशंटचं पोट तपासलं. त्या बाईंना दारापर्यंत सोडून मागे वळले.

उशी पलंगावर.

आमच्या खोलीत कामाला एक मावशी आहेत. मी त्यांना विचारलं.

"मी कशाला ठेवू?" त्या म्हणाल्या. "तुमच्या वस्तूला हात लावला की तुम्ही ओरडता. उशीला पाय फुटलेत की काय, मॅडम?"

मी हसले. त्याही हसल्या. तिसऱ्या वेळी त्यांनी स्वतः ती फळीवर ठेवली, आणि आम्ही दोघी चहाला गेलो. खोलीला कुलूप होतं. किल्ली माझ्या खिशात.

परत आलो...

मावशी दारातच थांबल्या. हसल्या नाहीत.

"मी आज बाहेरचंच झाडते," त्या म्हणाल्या, आणि गेल्या.

मी एकटी आत उभी राहिले. खोलीत एसीचा आवाज असतो, मशीनच्या पंख्याचा असतो. दोन्ही चालू होते. पण ऐकू येत नव्हते. कान दडपल्यासारखे झाले होते. आणि त्या शांततेत, कापडी पडद्यामागून...

कर्र... कर्र... कर्र.

जाड कापडातून मोठी कात्री चालते तो आवाज. लहानपणभर मी तो दाराआडून ऐकला होता.

पडदा सरकवला. मागे भिंत होती.

मला भीती वाटली का? वाटली. पण खरं सांगते, ती दुसरी होती. पहिला आला तो राग.

अकरा महिने. अकरा महिने मी रोज झोपताना म्हणत होते, एकदा ये. स्वप्नात तरी ये. मी तुझी औषधं ठरवली, मी तुझी नाडी मोजली, मी दर रविवारी आले. कधी आली नाहीस. आणि आता आलीस. माझ्या खोलीत आलीस, माझ्या पलंगाशी उभी राहिलीस... तीही ठकीसाठी.

मला तेव्हाच सर्जनना फोन करता आला असता. ठकीला पुन्हा बोलावता आलं असतं. ती त्याच इमारतीत, दोन मजले वर, भरती झालेली होती.

मी उशी कपाटात टाकली आणि कपाट बंद केलं.

हीच ती गाळावीशी वाटलेली गोष्ट.

गुरुवार. सकाळी सात वाजून चाळीस मिनिटं. मी खोलीत येऊन बसले होते. भिंतीवरचा फोन वाजला. ऑपरेशन थिएटरमधून नर्स बोलत होती.

"मॅडम, तुमच्या बहिणीच्या गळ्यावर तुम्ही खूण केलीय का? सर विचारतायत."

"कसली खूण?"

"गळ्याच्या खळगीत. दोन आडव्या रेघा आणि खाली टिंब. निळ्या खडूनं केल्यासारखी आहे. आम्ही दोनदा पुसली, निघत नाहीये. रिपोर्टमध्ये तर काहीच नाही, म्हणून सर म्हणाले विचारून घ्या. आता सुरू करतायत."



माझ्या खोलीत खुणेचं पेन आहे ते जांभळं. खडू नाही. निळ्या खडूनं दोन रेघा आणि टिंब माझी आई काढायची. कापड जिथे आतून विरलेलं असेल, वरून दिसत नसेल, तिथे. त्याचा अर्थ इथे कात्री लावू नकोस. ही खूण जगात तीन माणसांना माहीत होती. एक गेली होती. दुसरी तिथे टेबलावर बेशुद्ध होती.

"मॅडम? केलीय की नाही?"

आता विचार करा. "मी नाही केली" हे खरं उत्तर होतं. मी खरंच नव्हती केली. मी ते म्हटलं असतं, तर त्यांनी खूण सोडून दिली असती आणि रिपोर्टवर विश्वास ठेवून गळा उघडला असता. मला कुणी कधीच काही विचारलं नसतं. "दिसली नाही" असंच लिहिलं होतं मी.

किती वेळ गेला सांगता येणार नाही. तीन सेकंद असतील. त्या तीन सेकंदांत मला टेबलाखालचं हसू ऐकू आलं. त्या तीन सेकंदांत मी कोण होते ते मला दिसलं, आणि ते मी कधी विसरणार नाही.

मग फोनच्या त्या टोकाला, नर्सच्या आवाजामागे...

शूं.

"मॅडम?"

"हो," मी म्हटलं. "मीच केलीय. सरांना सांग, थांबा. मान मागे टाकलेली असतानाच खळगीत बोट ठेवून बघा. तिथे मोठी धमनी असेल."

दुपारी साडेबाराला सर्जन स्वतः खाली आले. टोपी काढून खुर्चीत बसले. पाणी प्यायले.

"बोटाखाली लागली," ते म्हणाले. "हाडाच्या वर दोन बोटं. अंगठ्याएवढी जाड. गाठीचं खालचं टोक तिलाच चिकटलेलं होतं. माहीत नसतं, तर मॅडम..." त्यांनी पेला खाली ठेवला. "तुम्ही उशी ठेवून बघता म्हणून सापडली. दुसऱ्या कुणाला सापडली नसती. रिपोर्ट टाइप करताना काहीतरी गडबड झाली असेल, तेवढी दुरुस्ती करा."

"करते," मी म्हटलं.

"आणि ती खूण कशानं केली होती? शेवटी पाहिलं तर पुसली गेली होती."

मी रिपोर्टची फाइल पुढे ओढली. मी कमी बोलते हे सगळ्यांना माहीत आहे.

संध्याकाळी ठकी शुद्धीवर होती. गळ्याला पट्टी, आवाज घोगरा. मी तिचा हात धरला तेव्हा ती माझ्याकडे अशा नजरेनं बघत होती, ज्या नजरेनं तिनं कधीच बघितलं नव्हतं.

"सकाळी आलीस ते बरं झालं," ती कुजबुजली.

"सकाळी?"

"सहा वाजता. झोपेची गोळी दिली होती, डोळे उघडत नव्हते. पण कळलं मला. तू उशाशी बसलीस. मी म्हटलं, ताई? तू नुसतं हं म्हणालीस. मग गळ्याला बोट लावलंस, काहीतरी रेखलंस. आणि डोक्यावरून हात फिरवलास." तिचे डोळे भरले. "ताई, तुझा हात अगदी आईसारखा आहे गं. मला इतकी वर्षं माहीतच नव्हतं. तू कधी फिरवलाच नाहीस ना."

सकाळी सहा वाजता मी माझ्या घरी होते. दूध तापवत होते.

मी तिला हे सांगायला हवं होतं. तिची आई तिच्याकडे आली होती, ते तिला कळायला हवं होतं. पण तेही तिलाच द्यायचं? तेही?

"हो," मी म्हटलं. "मीच होते."

आणि मला बरं वाटलं. आयुष्यात पहिल्यांदा मी तिच्याकडून काहीतरी घेतलं होतं.

चार दिवसांनी ठकी घरी गेली. पाचव्या दिवशी संध्याकाळी तिचा फोन आला.

"आज लवकर उठलीस गं. मला डुलकी लागली आणि बघते तर तू गेलेली."

मी हातातला पेला टेबलावर ठेवला.

"किती वाजता?" मी विचारलं.

"तीन वाजता आलीस ना? सव्वातीन असतील. काही बोलत का नाहीस गं आल्यावर? नुसती बसतेस."

"काम होतं," मी म्हटलं.

दुपारी तीन ते चार मी तळघरात होते. रजिस्टरमध्ये तीन पेशंटची नावं आहेत, माझ्या सहीनं, वेळेसकट.

दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन. तिसऱ्या दिवशी पुन्हा. रोज तीन वाजता मी जात होते. उशाशी बसत होते. डोक्यावरून हात फिरवत होते. ठकी म्हणायची, "तू इतकी मायाळू असशील असं मला कधी वाटलं नव्हतं." आणि फोन ठेवल्यावर मी त्या बाईवर जळायची, जी मी नव्हते.

आठवड्यानं मी अर्धी रजा घेतली. ठरवलं, आज खरंच जायचं. तिच्या आधी जायचं.

पावणेतीनला मी ठकीच्या दारात होते. बेल वाजवली. तिच्या सासूबाईंनी दार उघडलं, आणि माझ्याकडे बघतच राहिल्या.

"अगं बाई," त्या म्हणाल्या. "तू बाहेर कधी गेलीस?"

"म्हणजे?"

"आत्ता पाच मिनिटांपूर्वी तर आत गेलीस. मी चहाचं विचारलं, तू मान हलवलीस. मी इथेच बसलेय, माझ्यासमोरून कुणी गेलं नाही." त्यांनी चष्मा काढून पुसला. "मला चष्मा बदलायला हवा."

समोर ठकीच्या खोलीचं दार होतं. पुढे ओढलेलं, बोटभर फट ठेवून.

आतून ठकी बोलत होती. घोगऱ्या आवाजात, भराभर, लहानपणी बोलायची तशी. मधेच हसली. मग थांबली. कुणाच्या तरी उत्तराची वाट बघत थांबावं तशी.

आणि कुणीतरी म्हणालं...

"हं."

तो आवाज आईचा होता की माझा, ते मी अजून ठरवू शकलेले नाही. मोजायला काही साधन नाही.

मी दाराला हात लावला. लाकूड गार होतं. ढकललं असतं तर उघडलं असतं.

आत जाऊन मी काय बघितलं असतं? आई बसलेली असती, तर मला ते सहन झालं नसतं. आणि मीच बसलेली असते... तर मग दारात उभी होती ती कोण?

"जा ना आत," सासूबाई म्हणाल्या. "थांबलीस का?"

"झोपलीय ती," मी म्हटलं. "नंतर येते."

त्यांनी आतलं हसू ऐकलं. माझ्याकडे पाहिलं.  मी जिना उतरेपर्यंत त्या दार उघडं धरून उभ्या होत्या.

संध्याकाळी ठकीचा फोन आला.

"ताई, आज किती वेळ बसलीस गं! दिवे लागेपर्यंत. उद्या पण ये."

"येईन," मी म्हटलं.

याला आता चार महिने झाले. ठकी बरी आहे. टेबलावर पुन्हा कापड पसरलेलं असतं म्हणे. तिचे सासरचे लोक मला भेटले की म्हणतात, बहिणी असाव्यात तर अशा, एक दिवस चुकवत नाहीस.

त्या दिवसानंतर मी तिच्या घरी एकदाही गेलेले नाही.